मियाटाला जॅकिंग रेल बसवावी का, आणि बसवायचीच तर कशी

मियाटा म्हणजे माझदाची दोन सीटांची, उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार, आणि जॅकिंग रेल म्हणजे जॅकचं ओझं पेलायला तिच्या दाराखाली बसवायची पट्टी किंवा नळी. आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुमची मियाटा वर्षातून चार-दोनदा, तेल आणि टायर बदलण्यापुरती उचलली जात असेल तर जॅकिंग रेल बसवू नका. गाडी ट्रॅकवर नेत असाल, उन्हाळ्यात सारखी चाकं काढ-घाल चालू असेल आणि दाराखालचा पत्रा निरोगी असेल, तर जरूर बसवा. सोय होते आणि गाडीही वाचते. पण पत्र्याला आतून गंज लागला असेल, तर रेलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. गंजक्या पत्र्यावरची रेल गाडीला आधार देत नाही, नुसता गंज झाकते. मला हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण रेल घ्यावीशी वाटते ती बहुतेकदा जॅकखाली पत्रा दबू लागल्यावर, आणि तो का दबतोय हे बघायचं तेवढं राहून जातं.

माझी गाडी दुसऱ्या पिढीतली, २००१ सालची. मी राहते मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला नोव्हायला. हातात पान्हा आला तो मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मामाच्या वर्कशॉपमध्ये. कुठलीही वस्तू उचलायची तर तिचं वजन कुठून येतं आणि कुठे उतरतं ते आधी बोटाने दाखव, असा तिथला नियम होता. या लेखातही तेच आधी करू.

ओझं नेमकं कुठे बसतं

मियाटाला जुन्या जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हीच तिची चासी. शिवाय डोक्यावर पत्र्याचं छत नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बरंचसं काम दोन्ही दारांखालच्या सिलवर येतं. सिल म्हणजे आपल्याकडचे डेंटर ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात तो पेटीसारखा भाग. आतला आणि बाहेरचा पत्रा खाली एकमेकांवर दाबून स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, आणि करंजीच्या कडेसारखी एक उभी पट्टी खाली लोंबते. हीच पिंच वेल्ड. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे या पट्टीवर दोन-दोन खाचा दिसतील. त्यांच्या मधली जागा कंपनीने जॅकसाठी ठरवून दिलेली आहे. हे मियाटापुरतं नाही. पुण्यातल्या स्विफ्टच्या दाराखाली वाकून बघा, अशीच कड आणि अशाच खुणा सापडतील.

आता थोडा हिशेब. गाडीचं वजन साधारण १०५० किलो. एका कोपऱ्याखाली जॅक लावला की ढोबळमानाने ३०० किलो त्या एका जागी येतात. पट्टीची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास धरा आणि जॅकच्या वाटीने ७० मिलिमीटर लांबी पकडली असं समजा. म्हणजे दोन चौरस सेंटिमीटरवर ३०० किलो. ऐकायला भयंकर वाटतं, पण पोलादाच्या मानाने हा दाब फार नाही. निरोगी पट्टी सरळ खालून येणाऱ्या ओझ्याने चिरडत नाही.

ती दुमडते, कारण ओझं सरळ येत नाही. ट्रॉली जॅकचा दांडा वर जाताना वाटी सरळ रेषेत न जाता कमानीत फिरते. जॅकची चाकं गुळगुळीत जमिनीवर असतील तर जॅक स्वतः गाडीखाली सरकतो आणि हिशेब जुळतो. खडबडीत काँक्रीटवर, खडीवर किंवा फरशीच्या फटीत चाक अडकलं, की जॅक जागीच राहतो आणि वाटी पट्टीला आडवी ओढते. बाजूने घातलेल्या जॅकची कमान नेमकी पट्टीला काटकोनात असते. तीन मिलिमीटरच्या पट्टीला आडवा रेटा सोसत नाही. बहुतेक मियाटांच्या कडा वाकलेल्या दिसतात त्या अशाच. म्हणून रेलवर पैसे घालण्याआधी जॅकखालची जमीन झाडून घ्या, आणि उचलताना जॅकची चाकं फिरतायत की नाही याच्यावर डोळा ठेवा.

फ्रेम रेल वेगळी, जॅकिंग रेल वेगळी

हा घोळ नवख्यांचा फार होतो. गाडीच्या पोटाखाली, सीटांच्या खालून पुढे-मागे पातळ पत्र्याच्या दोन पन्हळी गेलेल्या दिसतात. त्या फ्रेम रेल. त्यांच्यावर गाडी उचलायचीच नसते, पण लिफ्टवाले आणि घाईतले मेकॅनिक तिथेच जॅक लावतात, त्यामुळे बहुतेक जुन्या मियाटांमध्ये त्या चेपलेल्या असतात. कोलोरॅडोतली फ्लाइंग मियाटा कंपनी त्यांच्यावर चढवून फ्लोअरला बोल्ट करायच्या जाड पत्र्याच्या रेल आणि दोन्ही बाजूंना जोडणारा बटरफ्लाय ब्रेस बनवते. गाडीचा कंप आणि पीळ कमी व्हावा म्हणून हे सामान घेतलं जातं.

जॅकिंग रेल दाराखालच्या पट्टीला धरून बसते. तिचं काम एकच: जॅकचं ओझं चार बोटांच्या जागेवरून हात-दीड हात लांबीवर पसरवायचं आणि पट्टीला आडवी वाकू द्यायचं नाही. विकणारे 'चासी कडक होते' असंही म्हणतात. अखंड वेल्ड केलेली नळी वाकण्याला थोडा विरोध करते हे खरं, पण उघड्या गाडीचा पीळ त्याने जाणवण्याइतका कमी होत नाही. गाडी कडक करायची असेल तर ते पैसे ब्रेससाठी ठेवा.

रेलचा मोठा फायदा मात्र फारसं कोणी बोलून दाखवत नाही. साध्या गाडीत जॅक लावायची आणि स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारी लोखंडी तिपाई) ठेवायची जागा एकच असते. जॅक तिथे आहे तोवर स्टँड तिथे जाणार कसा? मग पुढे क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालची आडवी तुळई) जॅक, मागे डिफरन्शियलखाली (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) जॅक, अशी फेरी घालावी लागते. रेल असली की जॅक एका जागी आणि त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर स्टँड. ट्रॅकच्या दिवशी, दोन फेऱ्यांच्या मधल्या वीस मिनिटांत ब्रेक पॅड बदलायचे असतात तेव्हा याचं मोल कळतं. माझ्या मते रेल घ्यायचं हेच खरं कारण.

रेलचा विचार करण्याआधी सिल तपासा

यात घाई करू नका. एक अख्खी सकाळ राखून ठेवा.

मियाटाचा सिल सडतो तो मागून, मागच्या चाकाच्या जरा पुढे. कापडी छताच्या मागच्या पन्हळीत पडणारं पावसाचं पाणी सीटांच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं आणि तिथेच बाहेर पडतं. पानं, धूळ, छताच्या कापडाचे तंतू अडकून नळी तुंबली, की पाणी गालिच्याखाली आणि सिलच्या पेटीत जातं. बाहेरचा रंग चकाचक आणि आत लाल चिखल, असं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. वर मिशिगनचा हिवाळा. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि आमच्या रस्त्यांवर मीठ टाकताना कोणी हात आखडत नाही. त्यात या राज्यात गाड्यांची नियमित सुरक्षा तपासणीच नाही. तुमचा सिल सडलाय हे सांगायला कोणी येणार नाही. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना निदान दरवर्षीची एमओटी तपासणी सावध करते.

दोन्ही नळ्यांत वरून पेला-पेला पाणी ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवा. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते.

मग गाडी वर घेऊन चारही स्टँड पुढच्या-मागच्या सबफ्रेमखाली (सस्पेन्शन धरून ठेवणारा जाड सांगाडा) ठेवा, म्हणजे सिल मोकळा राहील. वायर ब्रशने पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पत्रा साफ करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत बोलतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोकाने जोर लावून बघा. भोक पडलं तर ते आज पडलं हे बरंच झालं. लोहचुंबक फिरवा. चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी डेंटरची पुट्टी आहे असं समजा, आणि जुन्या मालकाने तिथे काय लपवलंय ते उघडून पाहा. पट्टीचे दोन पत्रे एकमेकांपासून फुगून सुटले असतील तर आत गंजाचे पापुद्रे धरलेत.

शेवटची परीक्षा दारांची. गाडी जमिनीवर असताना दार आणि मागच्या मडगार्डमधली फट वर-खाली मोजून ठेवा. मग एकच बाजू कंपनीच्या जागेवर उचला आणि पुन्हा मोजा. केसभर फरक चालतो. दार घासू लागलं, कुलूप नीट बसेना, तर तो सिल खचलाय. अशी गाडी रेलकडे न्यायची नाही. पत्रा कापून नवा सिल वेल्ड करणाऱ्या चांगल्या माणसाकडे न्यायची.

रेल न बसवता काय करता येतं

पट्टी नुसतीच वाकलेली असेल, गंजलेली नसेल, तर दोन सपाट लोखंडी तुकड्यांमध्ये व्हाइस ग्रिपने धरून हळूहळू सरळ करा. हातोडा मारू नका, स्पॉट वेल्ड उकलतात. रंग उडाला असेल तिथे इपॉक्सी प्रायमर आणि रंग लावा.

उचलण्यासाठी मधोमध खाच असलेला रबरी ठोकळा घ्या. इथे खूप जण आइस हॉकीची पक वापरतात, कारण ती घट्ट रबराची, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि स्वस्त असते. करवतीने मध्ये खाच पाडली की झालं. खाचेची खोली मात्र पट्टी मोजून ठरवा. उथळ खाचेत सगळं ओझं पट्टीवरच राहतं. फार खोल केली तर पट्टी अधांतरी राहते आणि बाजूच्या पातळ पत्र्याला पोचे पडतात. पट्टी खाचेच्या तळाला टेकते आणि त्याच वेळी बाजूचं रबर पत्र्याला लागतं, तेव्हा खोली बरोबर आहे.

आणि घरी शक्यतो मधूनच उचला: पुढे इंजिनखालच्या क्रॉसमेंबरच्या मधोमध, मागे डिफरन्शियलखाली. दोन्हीकडे रबर हवं. पुढे उचलताना वाटी तेलाच्या पॅनला टेकत नाही ना, हे खाली वाकून डोळ्यांनी बघायचं, अंदाजाने नाही. गाडी खाली बसवलेली असेल (सस्पेन्शन बदलून उंची कमी केलेली) आणि जॅक आत जात नसेल, तर आधी पुढची चाकं लाकडाच्या फळीवर चढवा. होम डेपोत मिळणारी दोन बाय दहाची फळी प्रत्यक्षात दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर जाड असते, तेवढं पुरतं. गाडी वर्षातून चार-दोनदा उचलणाऱ्याला एवढ्यात सगळं साधतं. रेल लागत नाही.

रेल निवडताना

बाजारात दोन जाती आहेत. एक पट्टीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बोल्टने आवळायची, दुसरी वेल्ड करायची. रोज चालणाऱ्या गाडीला मी बोल्टचीच सुचवेन, कारण ती काढून आतला पत्रा बघता येतो. मिठाच्या मुलखात ही गोष्ट बाकी सगळ्यावर मात करते. निव्वळ ट्रॅकसाठी ठेवलेल्या, हिवाळ्यात गॅरेजबाहेर न पडणाऱ्या गाडीला वेल्ड चालेल.

अॅल्युमिनियमची रेल हलकी आणि देखणी असते, पण पोलादाला चिकटून, मध्ये मिठाचं पाणी, अशी जोडी टिकत नाही. अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होत झिजतं आणि ती भुकटी सांध्यात फुगते. अॅल्युमिनियमच घ्यायचं असेल तर दोन्ही धातूंमध्ये रबरी टेप किंवा सीलंटचा अखंड थर हवा, बोल्टच्या भोवतीसुद्धा. मी पोलादी, पावडर कोट केलेली घेतली.

वजनाची काळजी सोडा. ४० बाय ४० ची, तीन मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी मीटरला साडेतीन किलोच्या आत भरते. दोन्ही बाजूंना मीटर-मीटर लावली तरी सात किलो, आणि तेही अगदी तळाला. काळजी करायची ती उंचीची. आधीच खाली बसवलेल्या गाडीत तीन-चार सेंटिमीटर आणखी कमी झाले, तर घराच्या उतारावर चढताना रेल घासणार, आणि प्रत्येक घासणं सरळ सिलला धक्का देणार. लाकडाचा तेवढ्याच उंचीचा ठोकळा टेपने पट्टीखाली चिकटवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून या. ठोकळा निघून पडला तर कमी उंचीची रेल शोधा.

ऑटोक्रॉस (शंकू मांडलेल्या वाटेवरून वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) किंवा शर्यतीत भाग घेत असाल तर तुमच्या वर्गाची नियमावली आधी वाचा. मूळ गाडी जवळपास तशीच ठेवायच्या वर्गांत चासीला जोडलेली कुठलीही पट्टी आक्षेपार्ह ठरू शकते.

बोल्टची रेल बसवणं

गाडी सबफ्रेमखालच्या चार स्टँडवर, चारही कोपऱ्यांत सारखी उंच. लेव्हल बॉटल लावून बघा, कारण गाडी पिळलेल्या अवस्थेत रेल आवळली तर तो पीळ तसाच राहतो. पट्टी पुन्हा साफ करा, सरळ करा. रेल नुसती धरून बघा. कुठे अंडरकोटचा गोळा मध्ये येत असेल तर खरवडून काढा. रेलची दोन्ही टोकं कंपनीच्या खाचांच्या पलीकडे गेली पाहिजेत, कारण आतला पत्रा तिथेच जाड केलेला असतो. आणि सिलच्या तळाची पाणी जायची भोकं रेलखाली झाकली जाता कामा नयेत. झाकली जात असतील तर रेलला तिथे कानशीने अर्धगोल खाच द्या.

पट्टीला भोकं पाडायची असतील तर स्पॉट वेल्डचे गोल खळगे आधी खडूने खुणावून घ्या आणि दोन खळग्यांच्या मध्ये ड्रिल मारा, खळग्यावर कधीच नाही. भोकाची कड कानशीने साफ करून इपॉक्सी प्रायमर लावा आणि वाळू द्या. ही एक तासाची वाट बघायचा कंटाळा केलात तर दोन हिवाळ्यांत त्या भोकांतून लाल ओघळ दिसतील. मग रेल आणि पट्टीच्या मध्ये मेणाचा किंवा सीलंटचा थर देऊन बोल्ट घाला, वॉशर आणि नायलॉक (आपोआप सैल न होणाऱ्या) नटसह. सगळे आधी हाताने, मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळा. ८.८ ग्रेडच्या सहा मिलिमीटर बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे; रेलबरोबर वेगळा आकडा आला असेल तर तोच पाळा. मोठा पान्हा घेऊन जोर लावला तर पट्टी चेपते आणि पकड उलट कमी होते.

वेल्डची रेल

वेल्डिंग स्वतःला सफाईने येत नसेल तर करवून घ्या, पण करणाऱ्याला पुढच्या गोष्टी सांगून ठेवा. पहिल्या दोन पिढ्यांच्या मियाटाची बॅटरी डिकीत असते. तिच्या दोन्ही तारा काढायच्या. सीट, गालिचा, खालचा फोम बाहेर, कारण वायरिंग आतून सिलच्या कडेने जातं आणि फोम ठिणगीने धुमसत राहतो. पेट्रोलची टाकी सीटांच्या मागेच आहे, तेव्हा अग्निशामक घेतलेला दुसरा माणूस पूर्ण वेळ शेजारी उभा हवा, आणि काम संपल्यावरही अर्धा तास. नळी साध्या पोलादाची घ्यावी. जस्त चढवलेलीचा धूर छातीला वाईट.

टाके एक-एक इंचाचे, मध्ये जागा सोडून, एकदा पुढे एकदा मागे. एका दमात अखंड वेल्ड ओढली तर पातळ पत्रा तापून सिलच वाकतो. टाके गार झाले की प्रायमर, फटींत सीम सीलर, वरून रंग. एवढ्यावर थांबू नका. वेल्डच्या उष्णतेने सिलच्या आतला रंग जळालेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. तळाच्या भोकांतून लांब नळीच्या फवाऱ्याने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) भरपूर मारा, खालून ओघळ येईपर्यंत. नळीची टोकं बंद करायची असतील तर पूर्ण हवाबंद वेल्ड करा. नाहीतर दोन्ही उघडी ठेवा आणि तळाला सात-आठ मिलिमीटरचं भोक पाडा. अर्धवट बंद नळी म्हणजे पाण्याची टाकी.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा रेलवर गाडी उचलताना हळू. चाक जमिनीवरून बोटभर सुटलं की थांबा, रेल आणि पत्र्यामधली रेघ बघा, दाराची फट पुन्हा मोजा. जॅकच्या वाटीत रबर हवंच, रेल असली तरी. लोखंडावर लोखंड घसरतं. स्टँड रेलखाली असं ठेवा की त्याचा वरचा खोबणा रेलला नीट कवेत घेईल. गाडीखाली शिरण्याआधी दोन्ही हातांनी गाडी हलवून बघा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

शे-दोनशे मैल झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा. टायरच्या दुकानात गाडी दिलीत तर लिफ्टचे हात रेलखालीच लावायला सांगा आणि ते लागेपर्यंत तिथेच उभ्या राहा, कारण त्या मुलांनी अशी रेल क्वचितच पाहिलेली असते. एप्रिलमध्ये रस्त्यावरचं मीठ पहिल्या पावसात धुऊन गेलं, की होजने रेलच्या दोन्ही टोकांतून पाणी मारा, गढूळ यायचं थांबेपर्यंत. त्याच दिवशी छताच्या नळ्यांतही पेलाभर पाणी ओता. आणि बोल्टची रेल असेल तर दर दोन वर्षांनी एक बाजू पूर्ण उतरवून, पत्रा बघून, नवं मेण लावून पुन्हा चढवा.